रुखवतासाठी डिजिटल स्क्रॅपबुकची डिझाइन्स छापून वस्तू करायच्या आहेत : शाई, कागद, कापड कुठलं घ्यावं?

सोनचाफा (सांगली)

नमस्कार मंडळी. भाचीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर लगेचच आहे आणि रुखवताची जबाबदारी मी हौसेने अंगावर घेतली आहे. हल्ली तयार रुखवत भाड्याने मिळतं. वहिनी म्हणते तेच आणू, दगदग वाचेल. पण टेबलावर मांडलेल्या वस्तूंमध्ये आमच्या मुलीचं, तिच्या घरचं काहीच नसेल तर त्याला रुखवत का म्हणायचं? मला ते पटत नाही.

भाचीने स्वतःच एक डिजिटल स्क्रॅपबुक किट विकत घेऊन मला पाठवलंय. त्यात बारा बाय बारा इंचांचे नक्षीचे कागद आहेत (जेपीजी फाइली), शिवाय फुलं, पानं, फ्रेमा, लेबलं अशी सुटी चित्रं पारदर्शक पार्श्वभूमीची, म्हणजे पीएनजी. जाई-जुईसारखी बारीक फुलं, फिकट गुलाबी आणि शेवाळी रंग. बघूनच हात शिवशिवायला लागले.

मनात आहे ते असं : लाडू-करंज्या ठेवायला झाकणाच्या छोट्या पेट्या, सप्तपदीच्या सुपाऱ्यांसाठी सात बटवे, टेबलाच्या कडेने सोडायला कापडी पताका आणि भाचीच्या लहानपणापासूनच्या फोटोंचं एक पुस्तक, ज्याच्या कव्हरला आईच्या जुन्या इरकलीचा काठ लावायचा आहे. आई आता नाही, पण नातीच्या रुखवतात तिचं काहीतरी असावं असं फार वाटतं.

घरी शाईच्या टाकीचा प्रिंटर आहे. साध्या कागदावर एक नक्षी छापली, पुठ्ठ्याला फेव्हिकॉल लावून डकवली, तर गुलाबी शाई फुटली आणि कागदाला सुरकुत्या पडल्या. कापडावर घरी छापता येतं म्हणतात, ते खरं का? आणि बटवे पुढे धुता येतील का? कुणी हे काम केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

मंदार_१७

झेरॉक्सच्या दुकानातून कलर लेझर प्रिंट काढून आणा. पाण्याने पसरत नाही. तीनशे जीएसएमचं (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आर्ट कार्ड घ्या, पेट्या कडक होतात.

सुईदोरा (पुणे)

सोनचाफाताई, आमचं घर बाइंडिंगवाल्यांचं. वडिलांचं दुकान नारायण पेठेत होतं; कागद, पुठ्ठा आणि खळ यांच्यातच मी मोठी झाले. आता दुकान नाही, पण वडिलांचा पुस्तकं दाबायचा शिकंजा माझ्याकडे आहे आणि अशी डिजिटल डिझाइन्स छापून मी वह्या, पेट्या, कापडी पुस्तकं करते. रुखवत घरी करायचं ठरवलंत याचा मला मनापासून आनंद झाला, म्हणून जरा लांबलचक लिहिते.

डिझाइन कितीही सुंदर असो, ते थोडा वेळ बाजूला ठेवा. आधी शाई कुठली ते बघा. गोंद कुठला, कागद कुठला, कापड धुवायचं की नाही, हे सगळं त्यावरून ठरतं. घरच्या इंकजेटमध्ये दोन जातींची शाई असते. डाय शाई पाण्यात विरघळलेली असते, ती कागदात मुरते, रंग फार तजेलदार दिसतात, पण ओल लागली की फुटते आणि उन्हात उडते. पिगमेंट शाईत रंगाचे बारीक कण असतात, ते तंतूंना धरून बसतात, पाण्याला बऱ्यापैकी टिकतात. काही टाकीवाल्या प्रिंटरांत काळी शाई पिगमेंटची आणि बाकीच्या तीन डायच्या असतात. म्हणून अक्षरं जागेवर राहतात आणि फूल पसरतं. तुमचं हेच झालेलं दिसतंय. लेझरमध्ये शाईच नसते, टोनर म्हणजे प्लास्टिकची रंगीत पूड उष्णतेने कागदावर वितळवून बसवलेली असते. तिला पाण्याचं भय नाही, पण इस्त्रीचं आहे.

परीक्षा सोपी आहे. छापलेला कागद रात्रभर वाळू द्या, मग कान साफ करायची कापसाची काडी ओली करून गुलाबी भागावर दोनदा फिरवा. कापूस गुलाबी झाला तर डाय शाई. त्या छपाईवर फेव्हिकॉल, खळ, वॉर्निश काहीही ओलं लावायचं नाही. फक्त दोन्हीकडून चिकटणारी टेप किंवा ग्लू स्टिक.

पेट्यांसाठी मंदार म्हणतात तसा लेझर प्रिंटच घ्या, मात्र आर्ट कार्डावर नको. आर्ट कार्डाला वरून गुळगुळीत लेप असतो. घडी घातली की टोनर आणि लेप दोन्ही तडकतात आणि कडेला पांढरी रेघ उमटते. शिवाय दोन्ही बाजूंनी लेप असला तर फेव्हिकॉल नीट मुरत नाही. साधा शंभर जीएसएमचा बाँड पेपर छापून घ्या आणि तो पुठ्ठ्यावर डकवा. कडकपणा पुठ्ठा देईल, नक्षी कागद देईल.

आता सुरकुत्यांचं. कागदाला उभं-आडवं असतं, कापडासारखंच. कागद न दुमडता दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघा, एका दिशेने तो सहज वाकतो. त्या वाकाच्या रेषेत त्याचे तंतू असतात. ओला झाला की कागद तंतूंच्या आडव्या बाजूने फुगतो, लांबीच्या बाजूने फारसा नाही. म्हणून पुठ्ठ्याचे आणि कागदाचे तंतू एकाच दिशेला ठेवायचे. फेव्हिकॉल थोडं पाणी घालून पातळ करा, ब्रशने कागदाला लावा (पुठ्ठ्याला नाही), आणि मिनिटभर तसाच राहू द्या. कागदाला जेवढं फुगायचं तेवढं तो फुगून घेतो, मग डकवला की सपाट बसतो. लगेच डकवला तर पुठ्ठ्यावर गेल्यावर फुगतो, त्याच तुमच्या सुरकुत्या. वाळताना कागद आखडतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. आतून अस्तराचा कागद लावला की पुठ्ठा सरळ होतो. अस्तर लावायला कंटाळू नका. शिकंजा नसेल तर पाटावर जाडजूड पुस्तकं ठेवून रात्रभर दाबा, मध्ये प्लास्टिकचा कागद घालून.

वडील गव्हाच्या पिठाची खळ वापरायचे, कीड लागू नये म्हणून तीत मोरचूद घालायचे. खळीने कागद सावकाश धरतो, हलवून नीट बसवायला वेळ मिळतो. पण मोरचूद विषारी. तुमच्या पेट्यांत खायचं ठेवायचंय, तिथे ती अजिबात नको. लाडू-करंज्यांखाली बटर पेपर घाला, छापील कागदाला खाऊ लागू देऊ नका.

कापडाकडे येते. घरच्या इंकजेटवर सुती कापड छापता येतं, मी नेहमी छापते. केंब्रिक किंवा चांगल्या विणीची पॉपलिन घ्या. मांजरपाट जाडाभरडा, त्यावर बारीक फुलांचे तुकडे पडल्यासारखे दिसतात. नव्या कापडाची खळ साबणाच्या पाण्याने पूर्ण काढून टाका, नाहीतर शाई वरवरच बसते. वाळवा, कडक इस्त्री करा. मग स्टेशनरीत मिळतो तो ए-फोर आकाराचा अखंड स्टिकर कागद घ्या, त्याचा मागचा कागद सोलून चिकट बाजूवर कापड बसवा. मधून कडांकडे हात फिरवत हवा काढा. स्टिकरच्या मापानेच धारदार कात्रीने कापा, एकही दोरा लोंबता नको. प्रिंटरमध्ये जी कड आधी जाते तिच्यावर सेलोटेपची अरुंद पट्टी दुमडून लावा. कागद मागून उभा घालायचा प्रिंटर असेल तर उत्तम, कारण समोरच्या ट्रेच्या प्रिंटरमध्ये कागद आत पूर्ण वळतो आणि कापड सुटू शकतं. छापून झाल्यावर एक दिवस तसंच ठेवा, मग कोपऱ्यातून हळूच सोला.

हे सगळं फक्त इंकजेटसाठी. लेझर प्रिंटरमध्ये कापड कधीही घालू नका, आतल्या उष्णतेने स्टिकरचा गोंद वितळून मशीनला बसतो.

धुण्याचं विचारलंत. डाय शाईचं कापड धुवायचं नाही, हे धरूनच चाला. पिगमेंटचं गार पाण्यात खळबळून निघतं, पण दर धुण्याला थोडं फिकं होतं. बटवे वर्षानुवर्षं वापरायचे असतील तर सुती कापडावर डिजिटल छपाई करून देणाऱ्यांकडून मीटरभर कापड छापून आणा. तिथे रिअॅक्टिव्ह शाईने छापून, वाफ देऊन, धुऊन कापड देतात. रंग धाग्यात पक्का होतो. आणि दुकानदाराने सब्लिमेशन (उष्णतेने रंग कापडात उतरवायची छपाई) म्हटलं तर लक्षात ठेवा, ते पॉलिएस्टरवरच धरतं, सुतीवर नाही.

सोनचाफा (सांगली)

सुईदोराताई, किती जीव ओतून लिहिलंत! कापसाची काडी फिरवून बघितली, गुलाबी आणि पिवळा दोन्ही निघाले, काळा निघाला नाही. म्हणजे तुम्ही म्हणता तसंच. पेट्यांचे कागद बाहेरून लेझरवर काढून घेते.

आता दोन अडचणी. बारा इंचांचा कागद ए-फोरवर बसत नाही, आणि लहान करून छापला तर फुलं फारच चिमुकली होतात. दुसरं, किटमधली सगळी लेबलं इंग्रजी आहेत. मला लेबलांवर भाचीचं आणि जावयांचं नाव, पदार्थांची नावं मराठीत हवी आहेत. शिवाय आमच्या बचत गटातल्या बायका म्हणतायत, पेट्या चांगल्या झाल्या तर पुढच्या दिवाळीत स्टॉल लावू. चालेल ना?

अक्षरजुळणी (नाशिक)

माझं डिजिटल प्रिंटिंगचं दुकान आहे, म्हणून मापांचं मी सांगतो.

स्क्रॅपबुकचे कागद सहसा 3600 बाय 3600 पिक्सेलचे असतात, म्हणजे 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) बरोबर 12 इंच. लहान करू नका, कापा. फाइलमधला 2400 बाय 3300 पिक्सेलचा तुकडा कापून घेतला की तो 8 बाय 11 इंच होतो, ए-फोरवर मूळ मापात बसतो आणि फूल जेवढ्यास तेवढं राहतं. छापताना ‘फिट टू पेज’ बंद, ‘अॅक्चुअल साइझ’ चालू. अख्खा 12 इंच हवा असेल तर दुकानात 13 बाय 19 चा शीट मागा. 12 बाय 18 वर मशीन कडेने थोडी जागा सोडतं, त्यामुळे नक्षीची कड जाते. ए-थ्रीसुद्धा पुरत नाही, त्याची रुंदी 297 मिलिमीटर, 12 इंचांना जेमतेम कमी पडते.

गिऱ्हाइकं मोबाइलवरचा रंग दाखवून तसाच मागतात. स्क्रीन उजेडाने रंग दाखवते, कागदावर तो शाईने येतो, फिकट गुलाबी थोडा मळकट होणारच. सगळे कागद छापायला टाकण्याआधी एकाच शीटवर सगळ्या नक्ष्यांचे छोटे चौकोन घेऊन नमुना काढा, दिवसाच्या उजेडात बघा आणि मग पुढचं सांगा. आणि फाइल व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, आकसते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेन ड्राइव्ह आणा.

अक्षरांसाठी ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे ‘एक टाइप’ या संस्थेचे फाँट मोफत आहेत, छपाईलाही चालतात. जाडसर, गोल बलू लेबलांवर छान दिसतो. पुस्तकातल्या मजकुरासाठी ‘तिरो देवनागरी मराठी’ बघा, जुन्या छापील पुस्तकांची आठवण होते. इंग्रजी लेबलातलं अक्षर पुसत बसू नका. किटमध्ये रिकामी लेबलं असतात, त्यांच्यावर टाइप करा.

रानवारा

स्टॉलबद्दल सांगते, कारण हे लोक विचारतच नाहीत. किटच्या फोल्डरमध्ये अटींची एक छोटी फाइल असते, ती उघडून वाचा. बहुतेक किटं ‘पर्सनल यूज’ची असतात : स्वतःसाठी, भेट द्यायला चालतं, वस्तू करून विकायला नाही. विकायचं असेल तर ‘कमर्शियल यूज’चा परवाना वेगळा घ्यावा लागतो, आणि त्यातही किती वस्तू वगैरे अटी डिझायनरगणिक निराळ्या. रुखवताला काहीच अडचण नाही. स्टॉलला आहे. फाइल गटातल्या सगळ्यांना पाठवणं तर सहसा परवान्यात बसत नाही. ती डिझाइन्स काढणारीही आपल्यासारखीच कुणीतरी घरी बसून काम करणारी असते, तिचा मोबदला बुडू नये असं मला फार वाटतं.

विकण्यासाठी स्वतःची नक्षी तयार करा की! स्कॅनरच्या काचेवर खणाचा तुकडा, विणलेली जाळी, वाळवलेलं पिंपळपान ठेवा आणि 300 डीपीआयला स्कॅन करा. खण स्कॅन केला तर त्याची वीण इतकी स्वच्छ येते की कागदावर हात फिरवून बघावासा वाटतो. जुनी चित्रंही आहेत. आपल्याकडे चित्रकाराच्या निधनानंतर 60 वर्षांनी चित्रावरचा हक्क संपतो. राजा रविवर्मा 1906 साली गेले, त्यांची चित्रं कुणालाही वापरता येतात.

सुईदोरा (पुणे)

रानवारा, रविवर्म्याचं नाव काढलंत आणि मला आमच्या आत्याच्या देवघरातलं चित्र आठवलं. छापील लक्ष्मी, रविवर्म्याच्या मळवलीच्या छापखान्याच्या चित्रांसारखी. पण तिची साडी खऱ्या कापडाची, चित्रावर बेतून चिकटवलेली. पदराला जर, दागिन्यांच्या जागी टिकल्या आणि बारीक मणी. चेहरा आणि हात तेवढे छापील. त्या काळी अशी चित्रं घरोघरी नटवायचे. पदराच्या चुण्या खरोखर दुमडलेल्या होत्या आणि काचेच्या आतसुद्धा त्यांची सावली पडायची. छापील चित्र आणि कापड यांचा असा मेळ घालणं हे आपल्या घरांतलं जुनं काम आहे, आता फक्त चित्र कंप्युटरमधून येतं.

सोनचाफाताई, तुमच्या पुस्तकाच्या कव्हरला मी हेच सुचवेन. किटमधल्या एका मोठ्या फुलाच्या लेझरवर दोन प्रती काढा. एक कव्हरवर डकवायची, दुसरी कापायचा खाका. खाक्याच्या पाकळ्या सुट्या कापून आईच्या इरकलीच्या तुकड्यावर ठेवा, पाकळीच्या आकाराने कापड कापा. त्याआधी कापडाला मागून शिंप्याकडे मिळतं ते फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) लावून घ्या, म्हणजे कडेचे दोरे निघत नाहीत. साडी रेशीम-सूत असेल तर इस्त्री मंद, वर सुती फडकं घालून. मग पाकळ्या छापील पाकळ्यांवर फॅब्रिक ग्लूने बसवा आणि कडेने बारीक धावदोरा घाला. कव्हरचा पुठ्ठा लावण्याआधी शिवा, नंतर सुई जात नाही. काठ मात्र फुलासाठी कापू नका. तो अखंड पुस्तकाच्या पाठीवर बसवा, जिथे हात लागतो.

पताकांसाठी वेगळी गंमत आहे. जुन्या मलमलीचा तुकडा प्लास्टिकवर पसरा, फेव्हिकॉल आणि पाणी समसमान करून ब्रशने भिजवा, त्यावर लेझरवर छापलेल्या पातळ कागदाचे तुकडे ठेवा, वरून पुन्हा तेच पाणी. सगळं वाळलं की कागद आणि कापड एकजीव होतात. वाकतं कापडासारखं, नक्षी कागदाची. मशीनवर शिवता येतं. टाका मोठा ठेवा, तीन ते चार मिलिमीटर. बारीक टाक्याने कागदाला भोकांची रांग पडते आणि तिथूनच फाटतं. शेवटी उलटी टीप मारू नका, दोरे मागे ओढून गाठ घाला. सुई जुनी लावा, कागदाने तिची धार जाते.

पुस्तकाच्या आतल्या पानांना साधा कार्डशीट नको, हातकागद घ्या. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, 1940 पासूनची. सुती चिंध्यांच्या लगद्याचा कागद, फोटोंखाली फार शोभतो. त्यावर छापायचं असेल तर गुळगुळीत आणि पातळ प्रत निवडा आणि प्रिंटरमध्ये जाणारी कड कापून सरळ करा, झुपकेदार कडेचे तंतू आत अडकतात.

सोनचाफा (सांगली)

काठ पाठीवर! हे मला सुचलंच नसतं. वहिनीला वाचून दाखवलं, आता तीच म्हणते भाड्याचं रद्द कर. रविवारी बसून पुस्तकाची मापं ठरवतो. स्टॉलसाठी खण स्कॅन करायचं काम गटातल्या मुलींनी उचललंय.

शेवटचं एक. छापलेल्या कागदांची कात्रणं खूप पडतील, टाकवत नाहीत. त्यांचं काही होतं का?

सुईदोरा (पुणे)

होतं तर! साध्या बाँड कागदाची कात्रणं वेगळी ठेवा. आर्ट पेपरची नको, त्याच्या लेपाने लगदा पिठूळ होतो. बारीक फाडून रात्रभर पाण्यात भिजवा, मिक्सरला भरपूर पाणी घालून थोडं थोडं फिरवा. (जुनं भांडं घ्या, परत स्वयंपाकाला वापरू नका.) भरतकामाच्या गोल रिंगला मच्छरदाणीची जाळी ताणून लावा, टबातल्या लगद्यात बुडवून आडवी वर उचला, पाणी निथळू द्या आणि सुती फडक्यावर उलटी करून स्पंजने दाबा. टोनर विरघळत नाही, त्यामुळे गुलाबी-शेवाळी ठिपके कागदात तसेच राहतात आणि तेच सुंदर दिसतात. त्यावर शाईने नावं लिहायची असतील तर लगद्यात चमचाभर फेव्हिकॉल घाला, नाहीतर अक्षर फुटेल. गोल निघतात, साधारण वाटीच्या तोंडाएवढी रिंग घेतलीत तर सात बटव्यांना सात लेबलं होतील. पाऊस पूर्ण थांबल्यावरच करा, दमट हवेत वाळायला फार वेळ लागतो आणि बुरशी धरते.